लोखंडी टोपीचा खंडोबा

१७ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.

भिंग त्याच्या हातातून ओढून घेतलं, टेबलावरचं नाणं खिशात टाकलं आणि मागं न बघता हॉलबाहेर आलो. पिशवी तिथंच राहिली. पिशवीत डबा होता. परत जाणं शक्य नव्हतं. रागानं निघून गेलेला माणूस डब्यासाठी परत येत नाही.

तुळजापूरची गाडी लागलेली होती. खिडकी मिळाली. रागाला खिडकी लागते.

झालं ते असं. धाराशिवात जिल्ह्यातल्या नाणेसंग्राहकांचा मेळावा. मी मारिया तेरेसाच्या चांदीच्या नाण्यावर बोलत होतो. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. नाण्यावर साल १७८०, तेच तिच्या मृत्यूचं साल. म्हणजे माझं नाणं तिच्या शेवटच्या वर्षातलं, कदाचित शेवटच्या महिन्यातलं. 'या चांदीत एका साम्राज्याचा अखेरचा श्वास गोठला आहे.' हे वाक्य मी आठवडाभर तयार करत होतो. ते म्हणून झालं, आणि परंड्याचा सोमलिंग हत्तरगे उठला. कापडाचं दुकान आहे त्याचं. पुढं आला, भिंग लावलं, नाणं उलटसुलट केलं. म्हणाला, भाऊ, राग मानू नका. बाई खरी, चांदी खरी, साल तेवढं खरं नाही. ही बाई गेल्यावरही हेच साल घालून नाणी पाडत राहिले. व्यापारी दुसरा चेहरा घेईनात, काय करणार. आणि हे तर मला मुंबईच्या टांकसाळीतलं दिसतंय. दुसऱ्या महायुद्धातलं.

मागून तेरचा कृष्णराज म्हणाला, म्हणजे बाई आपल्या मुंबईच्याच म्हणा की.

हॉल हसला. चहा देणारासुद्धा हसला. त्याला काय कळलं असेल?

घरी आल्यावर भिंग पाहिलं. मुठीवर कोरलंय: सो. हत्तरगे, परंडा. माझं भिंग पिशवीत राहिलं. हे परत देणार नाही. लढाईत हाती आलेली वस्तू परत देत नसतात.

१८ ऑगस्ट. सकाळ.

निश्चय. त्या माणसाचं नाव या वहीत यापुढं येणार नाही. वर्षाच्या आत त्याला भरल्या माणसांत माझ्या नाण्यापुढं वाकायला लावीन. मुंबईचं नाही, खरं युरोपचं, निर्विवाद नाणं. तोवर संयम.

इंटरनेटवर पाहिलं. इंटरनेट सोमलिंगच्या बाजूचं आहे.

नाणेसंग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. कारण दिलं नाही. कारण न देणं हेच उत्तर.

२० ऑगस्ट.

ग्रुप सोडल्याचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. कृष्णराजला सहज फोन केला, हवापाण्याचं बोललो. तो म्हणाला, भाऊ, काल ग्रुपवर टाकलेलं बघितलं का? नाही म्हणालो. तो म्हणाला, बघा. बस्स.

आता परत जायचं म्हणजे अॅडमिनला विचारावं लागणार. अॅडमिन तो आहे. मी विचारणार नाही.

विचारलं. त्यानं लगेच घेतलं. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. हा उपहास आहे. चित्रातल्या हातांच्या कोनावरून कळतं.

२२ ऑगस्ट. दुपार.

पिशवी आली. त्यानं परंड्याहून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवली. टिपणं, माझं भिंग, डबा, सगळं जागच्या जागी. डबा घासलेला. आत शेंगदाण्याची चटणी.

विमल म्हणाली, रिकामा डबा पाठवला नाही बघा. घरंदाज माणूस दिसतोय. मी तिला समजावलं की हा डाव आहे. ती म्हणाली, चटणीत कसला डाव असतोय हो. बायकांना राजकारण कळत नाही.

त्याच्या भिंगाबद्दल चकार शब्द नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही. मागितलं असतं तर नाकारता आलं असतं. तो मला नाकारूसुद्धा देत नाही.

चटणी खाणार नाही.

संध्याकाळ. चटणीत लसूण जास्त आहे. संपल्यावर लक्षात आलं.

९ सप्टेंबर.

इतिहास अशा वेळी वळतो जेव्हा हेडक्लार्क जेवत असतो.

मधल्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या ऑफिसातला शिपाई बजरंग समोर येऊन बसला. गाव ईट, भूम तालुक्यातलं. म्हणाला, भाऊ, तुमी जुनी नाणी बघता म्हणून सांगतो. आमच्या आईच्या देव्हाऱ्यात एक खंडोबा हाय, त्याच्या डोक्यावर पगडी न्हाय. लोखंडी टोपी हाय. घोड्यावर बसलाय, हातात तलवार हाय, घोड्याखाली कुत्रंबी हाय. पण टोपी लोखंडी. आणि कडंनं सगळी इंग्रजी अक्षरं. आमच्या आज्याचा आजा अरबाकडनं घिऊन आलता म्हणत्यात, निजामाच्या काळात.

माझ्या घशात भाकरी अडकली. बजरंगनं पाठीत थाप मारली. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. म्हणालो, असतात अशा गोष्टी.

१४ सप्टेंबर, रविवार.

ईटला जाऊन आलो. भूमला गाडी बदलावी लागते. विमलला सांगितलं, ऑफिसचं काम. विमलला सांगितलं की गल्लीला कळतं, गल्लीला कळलं की परंड्याला.

बजरंगची आई सारजाबाई. गुडघे गेलेत. ईटचं घर बंद करून ती तुळजापुरात बजरंगकडं राहायला यायचीय. बांधाबांध चालली होती. देव्हारा शेवटी बांधायचा म्हणून तसाच होता.

देव्हाऱ्यात तो होता. हळदीनं पिवळा. घोडा उधळलेला, स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण, तलवार वर. घोड्याखाली ढाल, ढालीत सिंह. चारपाच पिढ्यांनी या सिंहाला कुत्रा म्हणून भाकरीचा तुकडा दाखवलाय. मला हसू आलं. मी ते भक्तिभावात बदललं.

म्हणालो, मावशी, हा मला द्या. काय हवं ते मागा.

ती म्हणाली, देव इकायचा नसतोय भाऊ. इकला तर घेणाऱ्याच्या घरात ऱ्हात न्हाय आणि इकणाऱ्याला झोपू देत न्हाय.

मी म्हणालो, मग तुळजापूरला न्याल?

तिचा चेहरा पडला. म्हणाली, तीच तर पंचाईत झालीय. बजरंग्याच्या घरी त्याचा खंडोबा हाय, लग्नात केलेला. एका देव्हाऱ्यात दोन खंडोबा भांडत्यात. म्या ह्येला हिरीत सोडणार व्हते. अमावस्येला.

विहिरीत! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं. त्या पाण्यानं काम केलं. तिनं मला बसायला पाट सरकवला. मग म्हणाली, तुमच्या घरी खंडोबाचा टाक हाय का? नाही म्हणालो. आमच्याकडं चांदीच्या पत्र्याचा देवीचा टाक आहे, भैरोबाचा आहे, खंडोबा नाही. मग म्हणाली, देते. पैसा न्हाय घ्यायची. पण पूजा झाली पायजे. देव्हाऱ्यात बसवला पायजे. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा झाला पायजे. आण घ्या.

बेलभंडाऱ्यावर हात ठेवून आण घेतली. आण ही एक औपचारिक बाब आहे.

तिनं देवाला कपाळ लावलं. बराच वेळ उचललं नाही. गाडी चुकेल अशी मला काळजी वाटत होती.

१५ सप्टेंबर.

डच. चांदीचं. तिथं या नाण्याला 'घोडेस्वार' असंच म्हणत. हॉलंड प्रांताचा सिंह. साल १७४२, नीट वाचता येतं. मागच्या बाजूला लॅटिन वचन, त्याचा अर्थ: एकोप्यानं लहान गोष्टी मोठ्या होतात. हे वचन त्याच्या तोंडावर म्हणायचं.

हे सगळं त्याच्याच भिंगातून वाचलं. त्याचं भिंग माझ्या भिंगापेक्षा बरं आहे हे या वहीबाहेर जाणार नाही.

निश्चय. फोटो काढायचा नाही. फोटो काढला की तो व्हॉट्सॲपवर जातो, आपण टाकला नाही तरी जातो. कुणाला दाखवायचं नाही. विमललाही सांगायचं नाही. नाणं माळ्यावरच्या जुन्या पावसाळी बुटात. डावा बूट.

आणि योजना. मुलाचं, श्रेयसचं, लग्न जमतंय. लग्नाआधी घरी देवकार्याचं जेवण असेल, सगळी माणसं असतील. त्या जेवणाला त्यालाही बोलवायचं. पान वाढायचं, तूप वाढायचं, पोट भरू द्यायचं. मग त्याच्या हातात त्याचंच भिंग द्यायचं. मग नाणं.

भरल्या पोटी माणूस जास्त खोल पडतो.

१८ सप्टेंबर.

त्याचा फोन. म्हणाला, भाऊ, बरेच दिवस ग्रुपवर काही नाही तुमचं. तब्येत बरी ना? मी म्हणालो, उत्तम. तो म्हणाला, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं.

ही माफी नाही. माफी माणसांत मागायची असते. शिवाय आता माफी मागून तो माझा सूड मोडू पाहतोय. इतका मी भोळा नाही. फोन ठेवला. ठेवताना 'ठीक आहे' असं तोंडातून गेलं. ते सवयीनं.

३० सप्टेंबर.

नवरात्र. गावात मुंगी शिरायला जागा नाही. आमच्या गल्लीत लातूर, सोलापूर, विजापूरची माणसं झोपलीत. बूट माळ्यावरून काढून कपाटात ठेवला. कपाटातून पुन्हा माळ्यावर. विमल म्हणाली, उन्हाचे दिवस, बूट कशाला खालीवर करताय? पावसाचा नेम नाही म्हणालो.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

विमलनं पूजेला चांदी काढली. मारिया तेरेसाही काढली, चिंचेच्या कोळात बुडवून दातांच्या ब्रशनं घासली. सम्राज्ञी आरशासारखी झाली. दुसरं नाणं असतं तर ओरडलो असतो. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा हीच त्याची इभ्रत. पण मुंबईच्या बाईला कसली इभ्रत?

विमल म्हणाली, तुमचा जीव आहे ना या बाईवर, म्हणून नीट घासली.

मी डाव्या बुटाकडं मनातल्या मनात बघितलं.

२० नोव्हेंबर.

संकट. बजरंग म्हणाला, आई विचारत व्हती, भाऊंच्या घरी देव कसा हाय. चंपाषष्ठीला दर्शनाला येणाराय ती. सुनेला घिऊन येईल, निकिताला.

देव बुटात आहे.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी.

पहाटेच देव्हाऱ्यात बसवला. विमलला म्हणालो, ईटच्या एका बाईंनी दिलाय, पूजेला ठेवायचा आहे. ती म्हणाली, अगंबाई, खंडोबा! कधी दिला? म्हणालो, झाले काही दिवस. म्हणाली, आणि तुम्ही इतके दिवस कुठं ठेवला होता? म्हणालो, सुरक्षित.

ती पुढं म्हणाली, आपल्या घरात खंडोबा नाही म्हणून सासूबाईंना मरेपर्यंत वाईट वाटत होतं. तिनं त्याला पाण्यानं धुतलं. मग दुधानं. मी दार धरून उभा होतो.

सारजाबाई आल्या. निकिता हात धरून. भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा. सारजाबाईंनी मूठभर भंडारा उधळला. नाण्यावर हळद बसली, अक्षरांत बसली, शिरस्त्राणात बसली. म्हातारी रडली. म्हणाली, भाऊ, तुमी सबुद पाळला. म्या मनात शंका घेतली व्हती, तोंडात मारा माझ्या.

मी मान हलवली. शंका घेणं बरोबर नाही.

त्या गेल्यावर नाणं उचलायला गेलो तर विमल म्हणाली, अहो, बसवलेला देव उठवत नसतात.

विचार केला. देव्हारा हे उत्तम ठिकाण आहे. परंड्याचा माणूस कपाट बघेल, माळा बघेल, बूट बघेल. देव्हारा बघणार नाही. तेव्हा मीच ठरवलं, राहू दे तिथं.

१२ डिसेंबर.

लग्न ठरलं. मुलगी देवश्री, लातूरची. देवकार्य ८ फेब्रुवारीला, रविवारी. खंडोबाचा वार. योगायोग नाही, नियती.

विमलला यादी करू दे. माझी यादी एका नावाची आहे.

१९ डिसेंबर.

ग्रुपवर संदेश टाकला: 'ज्यांना सगळीकडे मुंबई दिसते, त्यांना लवकरच ॲमस्टरडॅम दिसेल.'

कृष्णराजनं विचारलं, भाऊ, ट्रिपला निघालात का? दोघांनी विमानाची चित्रं टाकली. एकानं विचारलं, व्हिसा कुठून काढला.

त्या माणसानं लिहिलं, भाऊंकडं काहीतरी मोलाचं आलेलं दिसतंय, वाट बघू या.

वाट बघ.

५ जानेवारी.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात: 'मित्रहो, आपल्यापैकी एकाचं भिंग माझ्याकडं आहे.' परिणामकारक.

निश्चय. देव्हाऱ्याकडं बघायचं नाही. माणूस जिथं मौल्यवान वस्तू ठेवतो तिथं त्याची नजर जाते आणि लोकांना कळतं. कार्य होईपर्यंत त्या कोपऱ्याकडं पाठ. सकाळी नमस्कारसुद्धा दुरून, डोळे मिटून.

घरातल्या सर्वांना सांगितलं की लग्नाच्या बारीकसारीक कामांत मला विचारायचं नाही.

१७ जानेवारी.

भाषण सहा पानं झालं. डच लोकांचा समुद्रावरचा इतिहास घातला. परंड्याच्या कापडाच्या व्यापारावर एक परिच्छेद घातला, काढला, पुन्हा घातला.

मध्येच विमल दारात. देवांविषयी, पोतदार सोनारांविषयी, टाक झिजलेत, नाकडोळे राहिले नाहीत, लग्नाच्या घरात असे देव बरे दिसत नाहीत, असं काहीतरी. जुनी चांदी मोडून त्याच चांदीत नवे करून देतात म्हणे. सगळेच देऊ का, म्हणाली. मी शेवटच्या परिच्छेदात होतो. म्हणालो, सगळं दे, नवं करून घे, मला विचारू नको. ती म्हणाली, नक्की ना? म्हणालो, नक्की.

संसारात निर्णय लगेच घ्यावे लागतात. हे तिला जमत नाही.

२९ जानेवारी.

श्रेयस पुण्याहून आला. भाषण वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबा, लग्न माझं आहे ना? म्हणालो, अर्थात. तो म्हणाला, मग यात माझं नाव का नाही? तिसऱ्या पानावर त्याचं नाव घातलं.

तो म्हणाला, तो माणूस चटणी पाठवणाराच ना? विमलनं त्याच्याशी बोलून ठेवलेलं दिसतं.

२ फेब्रुवारी.

आमंत्रण द्यायला स्वतः परंड्याला गेलो. सुडाचं आमंत्रण फोनवर देत नाहीत. त्याच्या दुकानात. गादीवर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. विमलसाठी इरकल लुगडं काढलं. मी नको म्हणालो. तो म्हणाला, लग्नघर आहे भाऊ, रिकाम्या हातानं कसं पाठवू. घ्यावं लागलं. निळं आहे, काठ तांबडा. म्हणाला, निळा शोभेल वहिनींना.

विचारलं, नक्की याल ना? तो म्हणाला, तुम्ही एवढ्या लांब आलात, न येऊन कसं चालेल. मग हळूच म्हणाला, त्या ॲमस्टरडॅमचं काय आहे, मला झोप येत नाही हो.

परतीच्या गाडीत मी मोठ्यानं हसलो. शेजारची बाई दुसऱ्या सीटवर गेली.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.

तयारी पूर्ण. भाषण कोटाच्या डाव्या खिशात, भिंग उजव्या. विमल निळं इरकल नेसली. सांगितलं होतं नेसू नको. म्हणाली, नवीन आहे, घडी मोडायची होती.

आज संध्याकाळनंतर या वहीत त्या माणसाचं नाव येणार नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळ.

लिहिलं पाहिजे.

पूजेला श्रेयसला बसवलं होतं. पंगत झाली. तो आला होता, कृष्णराज होता, ग्रुपातले आणखी दोघे. सारजाबाई, बजरंग, निकिता होते. सगळ्यांना ओसरीत बसवलं. पान दिलं. मग उभा राहिलो, भाषण काढलं. कृष्णराज म्हणाला, भाऊ, आधी ॲमस्टरडॅम, मग भाषण. सगळे म्हणाले, व्हय व्हय. मी म्हणालो, ठीक. सोमलिंगच्या हातात भिंग दिलं. त्यानं मूठ पाहिली, माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, चला, देव्हाऱ्याकडं.

सगळे आत आले. मी महिनाभरानं त्या कोपऱ्याकडं वळलो.

देव्हाऱ्यात देवी होती, नवी. भैरोबा होता, नवा. आणि मध्ये एक खंडोबा होता. पातळ पत्र्यावर ठसा मारलेला, लखलखीत, मोठ्या डोळ्यांचा, मिशांचा. डोक्यावर पगडी. शेजारी म्हाळसा. घोड्यापाशी कुत्रं.

मी विचारलं, तो कुठाय?

विमल म्हणाली, हाच की. पोतदारांनी छान केला ना? तुम्हीच म्हणालात, सगळं दे. तोच आहे तो, त्याच चांदीचा. पोतदार म्हणाले चांदी लई चोख आहे, उरली चांगली. म्हणून देवश्रीला जोडवी करून घेतली.

मी काहीतरी बोललो असणार. विमल म्हणाली, घाबरू नका. तुमचं ते बाईचं नाणं मी आधीच बाजूला काढून ठेवलं होतं. चुकून त्यात गेलं असतं तर तुम्ही जेवला नसता. आणि तिनं पदराच्या गाठीतून मारिया तेरेसा काढून माझ्या तळहातावर ठेवली.

कृष्णराज म्हणाला, ही तर मुंबईची.

सगळे हसले नाहीत. दोघेतिघे हसले. बाकीचे भिंतीकडं बघत होते, ते जास्त वाईट. मी सांगितलं, डच होतं, घोडेस्वार होता, सतराशे बेचाळीस. कृष्णराज म्हणाला, फोटो असेल ना भाऊ? फोटो नव्हता. तो म्हणाला, असू द्या असू द्या, जेवण लई झकास झालं.

सारजाबाई पुढं आल्या. निकितानं धरलं होतं. वाकून बघितलं. मला वाटलं, आता ही सगळ्यांना सांगेल, टोपी लोखंडी होती. त्यांनी नव्या टाकाला कपाळ लावलं. म्हणाल्या, झिजून गेला व्हता माझा द्येव. नाक न्हाय, डोळं न्हाय. आमच्या घरात कुणाला सुचलं न्हाय इतकी वर्सं. भाऊंनी नवं रूप दिलं. पगडी आली डोईवर. आणि बजरंगला म्हणाल्या, पाया पड भाऊंच्या. बजरंग पडला. निकिताही पडली.

सगळ्यांनी बघितलं. कोटाच्या खिशात भाषण होतं.

मग तो. सोमलिंग. चप्पल बाहेरच काढून आला होता. वाकला. बोटावर भंडारा घेऊन वाहिला. म्हणाला, आमच्या आजोळी याला मैलार म्हणतात. भिंग लावलं नाही.

जाताना हात धुवायला मोरीवर आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, भाऊ, ते होतं. मी पाहिलंय. म्हणालो, कुठं? म्हणाला, ईटच्या बाजाराला मी कापड घेऊन बसायचो, ऐन तरुणपणी. या सारजाबाईंच्या ओट्यावर पाणी प्यायला जायचो. दारातून देव्हारा दिसायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला तांब्या सांडला होता माझ्या. डच घोडेस्वार, हॉलंडचा सिंह. उभ्या मराठवाड्यात दुसरं नसेल.

मी म्हणालो, मग मागितलं का नाही?

तो म्हणाला, देव होता हो त्यांचा. कसं मागायचं.

पंच्याला हात पुसले. म्हणाला, तुम्ही म्हणाल तर ग्रुपवर मी लिहितो, की मी स्वतः पाहिलं होतं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील. कृष्णराज तर नक्की.

त्यानं लिहिलं नाही तर पुढं काय? जिल्ह्यात ज्यानं ज्यानं नाण्याला हात लावलाय तो मला थापाड्या म्हणणार. माझं नाणं खरं होतं हे जगात एकच माणूस जाणतो, आणि तो हा.

मी म्हणालो, लिहू नका.

तो बरं म्हणाला. हा नकार हाच माझा सूड. आजवरचा सगळ्यांत मोठा. तो मात्र त्याच्या लक्षात आलेला दिसला नाही. जाताना त्यानं श्रेयसच्या पाठीवर हात फिरवला, विमलला म्हणाला, वहिनी, निळा रंग शोभतो तुम्हाला, मी सांगितलं होतं भाऊंना. भिंग देव्हाऱ्यापुढं ठेवून गेला. विसरला की ठेवला, कळायला मार्ग नाही.

विमलनं विचारलं, तुम्ही असे का बसलाय? म्हणालो, दमलो. ती म्हणाली, खंडोबाचं काही चुकलं का माझं? म्हणालो, नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

विमलची कंबर धरली होती म्हणून पूजा मी केली. खंडोबाला भंडारा वाहिला.

मग भिंग रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि परंड्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं दिलं. डब्यात विमलनं कार्यातले लाडू भरले होते.